चार नंबरची पेटी आणि एक बाक

परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो : गाडीत झोप लागते का? लागते. सहा रात्रींपैकी पाच रात्री आम्ही गाडीत झोपलो आणि पाचही रात्री शांत झोपलो. गादीची जाडी, खिडक्यांच्या जाळ्या, पाण्याचे कॅन कुठे ठेवावेत, हे सगळं माझ्या वहीत आहे. ज्यांना हवं त्यांनी घरी येऊन उतरवून घ्यावं. पण आम्ही निघालो होतो ते दुसऱ्याच एका प्रश्नाचं उत्तर शोधायला, म्हणून आधी तो सांगते.

मी चिंचवडला एका इस्पितळाच्या भांडारात सव्वीस वर्षं काम केलं. माझे पती विनायक भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. दोघंही निवृत्त झालो तेव्हा मी ठरवलं की वर्षभर घर भाड्याने द्यायचं आणि गाडीतच राहून देश बघायचा. विनायक म्हणाले, "बघू." मशिनींच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे ते आधीच कमी बोलायचे, निवृत्तीनंतर आणखी गप्प झाले. एकदा मी सकाळपासून रात्रीपर्यंतची त्यांची वाक्यं वहीत लिहिली. सात भरली. त्यातली दोन कुकरच्या शिट्ट्यांबद्दल होती.

त्यामुळे असं ठरलं : गाडी तयार झाली की एक आठवडा जुन्नर-आंबेगावात राहून बघायचं. काही मोडलं तर गाडी बांधून देणारे मिस्त्री जवळ. रविवारी संध्याकाळी विनायक हो किंवा नाही सांगतील. "बघू" चालणार नाही, कारण घर भाड्याने मागणाऱ्या जोडप्याला मी त्याच संध्याकाळचा वायदा केला होता.

वारूळवाडी

गाडी म्हणजे लांब चासीची जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप. घोडेगावच्या किसनभाऊंनी ती बरीच वर्षं घोडेगाव ते आहुपे अशी वडापला चालवली होती. माणसं भरली की निघायचं, वाटेत हात केला की थांबायचं. नजर अधू झाली तेव्हा त्यांनी ती विकायला काढली. कागदोपत्री ती खासगी करून घेणं, रंग बदलणं, पुढच्या काचेवरची लाल अक्षरं खरवडणं ही माझ्या यादीतली पहिली तीन कामं होती. एकूण कामं सत्तेचाळीस.

वारूळवाडीचे संपत मिस्त्री ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधतात. आतापर्यंत कुणी त्यांच्याकडे झोपायची गाडी मागितली नव्हती. मी वहीतला नकाशा त्यांच्यापुढे धरला : डाव्या बाजूला पलंग, त्याखाली तीन पेट्या, उजव्या बाजूला चार नंबरची लांब पेटी, मागचा फाळका उघडला की तोच स्वयंपाकाचा ओटा. त्यांनी नकाशा उलटा करून पाहिला, मग सुलटा.

"ताई, आणि बाकं?"

"दोन्ही काढायची."

"एक तरी ऱ्हाऊ द्या. पावणं आलं तर बसवायचं कुठं?"

"पाहुणे येणार नाहीत. आम्हीच फिरायला चाललोय."

"गाडी म्हनल्यावर मानूस येनारच की," ते म्हणाले, पण काम त्यांनी माझ्या नकाशाप्रमाणेच केलं. फाळक्याला दोन साखळ्या लावल्या, त्यावर मी उभी राहिले तरी हलला नाही. चार नंबरच्या पेटीत कप्पे करून दिले आणि मी त्यांत सोळा डबे बसवले. प्रत्येकावर चिठ्ठी. काढलेली बाकं त्यांनी शेडच्या मागे भिंतीला टेकवून ठेवली. भंगारात द्या म्हटलं तर म्हणाले, "ठिवतो. लागंल तुमाला."

शेवटच्या दिवशी मी वही घेऊन गाडीभोवती फिरले आणि एकेका कामापुढे बरोबरची खूण केली. बाकांच्या बोल्टांची जुनी भोकं बुजवणे : खूण. एकच काम राहिलं, हॉर्न बदलणे. जुना हॉर्न तीन सुरांचा होता. जड आवाजात सुरू व्हायचा आणि बारीक होत जायचा, लग्नातल्या वाजंत्र्यासारखा. विनायक म्हणाले, "चांगला वाजतोय, राहू दे." त्यांनी काहीतरी राहू दे म्हटलं एवढ्यावरच मी खूश झाले.

बोरी बुद्रुक

सोमवारी कुकडीच्या काठी मुक्काम केला. दिवाळी होऊन गेली होती, पाणी संथ होतं, पलीकडे ऊस उभा. काठाच्या खोदलेल्या मातीत ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर दिसतो. म्हशी धुणारे एक आजोबा म्हणाले, "लांबच्या कुटल्या तरी डोंगराची राख हाय म्हनं. सायेब लोक येत्यात आन् डब्यात भरून नेत्यात. आमी भांडी घासायला न्हेतो."

पहिला धडा तिथेच मिळाला. गाडी सपाट जागी उभी नव्हती. मी फाळक्यावर शेगडी पेटवून चहा ठेवला आणि साखर घ्यायला वळले, तेवढ्यात पातेलं हळूहळू सरकत जाऊन गवतात उतरलं. लाकडी पाचरी दोन, असं वहीत लिहिलं. जेवण मात्र ठरल्याप्रमाणे झालं : मुगाची खिचडी, पापड, डबा क्रमांक नऊमधलं लोणचं. नंतर आम्ही दोघं फाळक्यावर बसून नदीकडे बघत राहिलो. सगळं जसं मी योजलं होतं तसंच होतं.

विनायक यांची दिवसभरातली वाक्यं पाच. मी लिहिली नाहीत, पण सवयीने मोजली गेली.

पिंपरी पेंढार

मंगळवारी पिंपरी पेंढारच्या एका शेताच्या बांधावर जागा धरली. शेजारी कांद्याची लागण चालू होती. बायका ओळीने वाकून रोपं लावत होत्या आणि बोलणं मात्र क्षणभर थांबत नव्हतं. शेताचे मालक रामदासभाऊ आले, गाडीभोवती फिरले, जाळीला बोट लावून पाहिलं.

"इथं निजनार?"

"हो. तुमची हरकत नसेल तर."

"आमची हरकत काय नाय. वाघाची इचारा." इकडे बिबट्यालाच वाघ म्हणतात. त्यांनी उसाकडे बोट दाखवलं. "परवा त्या वस्तीवरचं कुत्रं न्हेलं."

मी सांगितलं की गाडी पत्र्याची आहे, दारं आतून बंद होतात. तेवढ्यात त्यांची बायको मंदाताई आल्या. त्यांची हरकत वाघाबद्दल नव्हतीच. "घर शंभर पावलांवर असताना पावणं गाडीत निजलं, तर गाव आमाला काय म्हनंल? उठा, चला."

उठलो. आमच्या सोसायटीत पाहुण्याच्या गाडीला आत यायचं तर आदल्या दिवशी अर्ज द्यावा लागतो, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. रात्री मासवडी होती. बेसनाच्या थापलेल्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वळकटी करतात आणि कापतात. तुकडा माशासारखा दिसतो म्हणून नाव मासवडी, बाकी माशाचा संबंध नाही. सोबत झणझणीत रस्सा. रामदासभाऊंनी विनायकना पंपाची मोटर दाखवायला नेलं. दोघं पाऊण तास आले नाहीत. आले तेव्हा विनायकच्या हाताला ग्रीस होतं आणि ते बेअरिंगबद्दल काहीतरी समजावून सांगत होते.

मी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही. माझ्या मनात होतं ते एवढंच की आठवड्याच्या जेवणाच्या यादीतला एक दिवस वाया गेला.

बुधवारी जुन्नरला थांबून लागणारं सामान घेतलं आणि घोडेगावच्या अलीकडे मुक्काम केला. सांगण्यासारखं काही नाही. खिचडी, दोन पाचरी, सपाट जमीन आणि शांतता.

आहुप्याच्या वाटेवर

गुरुवारी डिंभ्याच्या पुढच्या रस्त्याला लागलो. एका बाजूला धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि रस्ता असा की पुढचं वळण दिसत नाही. वळणावर हॉर्न द्यावाच लागतो. विनायकनी दिला. तिन्ही सूर डोंगराला लागून परत आले.

पहिल्या वळणानंतर काही झालं नाही. दुसऱ्या वळणानंतर रस्त्याच्या कडेला एक बाई उभी होती, डोक्यावर गाठोडं. तिने हात केला नाही. ती नुसती पुढे झाली, कारण गाडी थांबणार याबद्दल तिला शंकाच नव्हती. विनायक थांबले. ती मागे गेली, फाळक्याची कडी काढली आणि आत चढली. पाठोपाठ झाडाखालून एक म्हातारे बाबा आले, खांद्यावर पोतं. ते चढले. मग दोन तरुण बायका, एकीच्या हातात पाय बांधलेली कोंबडी.

"अगं बया," आतून आवाज आला, "गादी. किसनभाऊनं गादी टाकली."

"आन् ही कपाटं कशाला? पाय कुटं ठिवायचं?"

मी वळून बघितलं. बाबा चार नंबरच्या पेटीवर बसले होते आणि आत पापडांचा चुरा होताना ऐकू येत होता. गाठोडंवाल्या बाईंनी, त्यांचं नाव धोंडाबाई, पुढे वाकून विनायकच्या खांद्याला हात लावला.

"किसनभाऊ कुठंय? दीड वरीस झालं, हारन नाय वाजला. तुमी बदली ड्रायव्हर का?"

विनायकनी मागच्या आरशात पाहिलं. मला वाटलं आता सांगतील की ही गाडी खासगी आहे.

"हो," ते म्हणाले. "बदली."

"मग चला की राव. एस्टी संध्याकाळी हाय, तवर भाताचं काम कोन करनार?"

मी हळूच म्हणाले, "अहो, सांगा ना त्यांना."

"काय सांगू? ऐकलंस ना, एसटी संध्याकाळी आहे."

पुढच्या प्रत्येक वळणावर हॉर्न आणि प्रत्येक हॉर्ननंतर माणसं, असं आहुप्यापर्यंत चाललं. वाडीवरून लोक पायवाटेने धावत उतरत होते. कमी जागा असली की कसं बसायचं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. बाबांनी विनायकना सगळा रस्ता शिकवला : इथं खड्डा हाय, इथं डावं धरा, ह्या घराम्होरं हारन देऊ नका, बाळंतीन हाय. विनायक विचारत होते, भात कसं आलं, वरई लावली का, पाणी कधी आटतं. उतरताना लोक भाड्याची नोट पुढे करत, विनायक मान हलवत. धोंडाबाई नाराज झाल्या. "फुकट न्हेलं तर उद्या बसायचं कसं?" असं म्हणून त्यांनी फाळक्यावर मूठ-मूठ करत ताजे तांदूळ ओतले.

माझी अवस्था सांगते. गादीवर चिखल होता. डबा क्रमांक नऊ सांडला होता. कोंबडीने चादरीवर जे करायचं ते केलं होतं. मी रागावले होते, आणि रागावूनही आठवत होते की विनायकची वाक्यं मी डिंभ्यातच मोजायची सोडली होती.

आहुपे

धोंडाबाईंच्याच अंगणात गाडी लावली. अंगणाच्या कडेला भाताची झोडणी चालली होती. लाकडावर पेंढी आपटली की दाणे उडून अंगावर येतात. जेवायला नव्या तांदळाचा मऊ भात आणि खुरासणीची काळी चटणी. घरात निजा असा इथेही आग्रह झाला, पण धोंडाबाईंच्या घरात भाताची पोती होती, त्यामुळे गाडीत निजायला परवानगी मिळाली. "किसनभाऊ बी गाडीतच निजायचा," त्या म्हणाल्या.

त्याचा अर्थ सकाळी कळला. शुक्रवार घोडेगावच्या बाजाराचा. मी फाळका उघडला, शेगडी पेटवली आणि मान वर केली, तर समोरच्या दगडी बांधावर आठ माणसं ओळीने बसली होती. डोक्याला मफलर, मांडीवर पिशव्या. माझ्या स्वयंपाकघराकडे शांतपणे बघत होती.

"काय हवंय?" मी विचारलं.

"काय न्हाई. चा घ्या तुमी सावकाश," कालचे बाबा म्हणाले. "सातला सुटती ना गाडी?"

किसनभाऊंची गाडी आहुप्यात मुक्काम करून सकाळी सातला सुटायची. आम्ही मुक्काम केला होता, म्हणजे सातला सुटणार, यात विचारण्यासारखं त्यांना काही वाटलं नव्हतं. मी तिथे दोन दिवस नुसतं बसून डोंगरकडा बघायचं योजलं होतं. विनायककडे पाहिलं. ते कधीच उठले होते आणि समोरची काच पुसत होते.

आठ जणांना मी चहा दिला, ते चहा पिईपर्यंत गादी गुंडाळून टपावर बांधली आणि मग वही काढली. कालचा गोंधळ मला पुन्हा बघायचा नव्हता. कोण कुठे उतरणार ते विचारलं. शेवटी उतरणाऱ्याचं पोतं तळाला, आधी उतरणाऱ्याचं फाळक्याजवळ. कोंबड्या टोपलीत, टोपली पायाशी. बाबांना पेटीवरून उठवून पलंगाच्या फळीवर बसवलं. परतीच्या खेपेसाठी प्रत्येकाला बाजारातली भेटायची जागा ठरवून दिली आणि नावापुढे लिहून घेतली. संध्याकाळी कुणालाही हाका मारत फिरावं लागलं नाही. प्रत्येक थांब्यावर पोतं हाताशी होतं.

आहुप्याला परत आल्यावर धोंडाबाई उतरताना थांबल्या. माझ्या वहीकडे बघितलं. "किसनभाऊला बी हे सुचलं न्हाई, ताई. त्यो समदी पोती रस्त्यावर काढायचा आन् पुन्ना भरायचा."

सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या याद्यांबद्दल मला कुणी असं काही म्हणालं नव्हतं.

डिंभ्याच्या काठी

शनिवारी सकाळी शेवटची खेप करून आम्ही धरणाच्या काठी थांबलो. धोंडाबाईंना मी स्पष्ट सांगितलं होतं की आम्ही किसनभाऊंचे कुणी नाही, गाडी विकत घेतलेली आहे आणि उद्यापासून येणार नाही. त्या म्हणाल्या, "ते कालच वळखलं व्हतं. बदली ड्रायव्हर बायकू घिऊन येत न्हाई."

दोन पाचरी लावल्या, चहा ठेवला. मी जेवणाची यादी काढली. पाच दिवसांतल्या दहा जेवणांपैकी तीनच जेवणं माझ्या डब्यांतून झाली होती. बाकी सगळं बाहेर, नाहीतर कुणाच्या ना कुणाच्या घरी.

"उद्या सांगायचंय," मी म्हणाले.

"माहीत आहे." त्यांनी चहा संपवला. "मंगल, खरं सांगू? बुधवारपर्यंत माझं उत्तर नाही असं होतं. घरात दोघं गप्प बसतो, गाडीत दोघं गप्प बसणार. त्यासाठी घर कशाला सोडायचं?"

"आणि आता?"

"आता माणसं बसणार असतील तर येतो. वडाप नाही चालवायचं. पण रस्त्यात कुणी हात केला तर बसायला जागा पाहिजे. कालचे ते बाबा फळीवर बसले होते, कंबर धरून उतरले."

मी लगेच हो म्हटलं नाही. ओळख ना पाळख, कुणालाही गाडीत घ्यायचं? हे राज्य सोडलं की भाषाही आपली नसेल. आजारी कोण, प्यायलेला कोण, कसं कळणार? मी एकेक शंका मांडली आणि त्यांनी एकेकीचं उत्तर दिलं. दिवसाउजेडीच, दोघांचं मत पडलं तरच, एका वेळी दोन-तीनच माणसं. मध्येच माझ्या लक्षात आलं की आम्ही तासभर बोलतोय. पाणी मागे सरकलेल्या पट्टीत बगळे येऊन उभे राहिले होते.

मग मी वही उघडून गाडीचा नकाशा काढला. पलंग हवाच. पाणी हवंच. जागा निघाली तर उजव्या बाजूलाच निघत होती. चार नंबरच्या पेटीवर मी एक आडवी रेघ ओढली. सोळा डब्यांतले पाच ओट्याखाली मावतात. उरलेल्या अकरांचा या आठवड्यात उपयोग काय झाला होता, तर पापडाचा चुरा.

पुन्हा वारूळवाडी

रविवारी दुपारी संपत मिस्त्रींच्या शेडपाशी आलो. सुट्टी असूनही ते ट्रॉलीखाली आडवे होते. मी काही सांगायच्या आधी त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं, गादीवरचा वाळलेला चिखल पाहिला, फाळक्याच्या फटीत अडकलेले भाताचे दाणे पाहिले.

"कुटलं देऊ, डावं का उजवं?"

"उजवं."

त्यांनी शेडच्या मागून बाक आणलं. पुसलेलं होतं. चार नंबरची पेटी आम्ही तिघांनी मिळून उतरवली आणि मी वहीत नवी यादी सुरू केली : पेटी मंदाताईंच्या कांद्याच्या बियाण्याला द्यावी का विचारणे, आरटीओत पुन्हा जाणे, बाकाला सीटबेल्ट बसवणे. चौथं काम मी बोलून दाखवलं. "भोकं नवी पाडावी लागतील ना? जुनी तर बुजवलीत तुम्ही."

मिस्त्री गाडीत चढले. गुडघ्यावर बसून त्यांनी पत्र्यावरून अंगठा फिरवला. काळं रबरी बूच टचकन निघालं. मग दुसरं. चारही बुचं त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. ज्या कामापुढे मी स्वतः उभं राहून बरोबरची खूण केली होती, ते काम त्यांनी केलंच नव्हतं.

बोल्ट पहिल्या फेऱ्यातच बसले. विनायक बाकावर बसून पाहत होते. थोडं पुढे, थोडं मागे, कंबर टेकते का. मी बाहेर येऊन त्या जोडप्याला फोन लावला. घर एक तारखेपासून तुमचं, म्हटलं. आत मिस्त्री विनायकना विचारत होते, तो हॉर्न आता बदलायचा का, आणि विनायक त्यांना सविस्तर सांगत होते की का नाही.